छत्तीस जणींची यादी

कारवारकडच्या जोयडा तालुक्यात, कुंभारवाड्याहून पायवाटेनं दोन मैल आत गेलं की अकरा घरांची एक वाडी लागते. तिथल्या केशर मिराशीला माप घेण्याचं वेड आहे असं लोक म्हणायचे. तिला ते आवडत नसे. वेड कसलं, हाताला लागलेली सवय, असं ती म्हणे. ही सवय तिला अंगणवाडीत लागली होती. तिथली बाई लांबच्या रजेवर गेली, तेव्हा दहावी झालेली म्हणून केशरला बदलीवर घेतलं, आणि ती बदली चार वर्षं चालली. पोरांचं वजन घ्यायचं, उंची घ्यायची, दंडाला तीन रंगांची पट्टी गुंडाळायची. हिरव्यात आलं तर पोर बरं, लालात आलं तर जपायला हवं. पट्टी थोडी सैल धरली की लालातलं पोर पिवळ्यात जातं आणि वरून कुणी विचारत नाही, ही युक्ती तिला शेजारच्या अंगणवाडीतल्या एकीनं शिकवून पाहिली. केशरनं पट्टी सैल धरली नाही. तिच्या वहीत लाल शेरे फार, म्हणून बोलणी तिलाच बसत. पुढं कायमची बाई आली आणि केशर परत शेतात आणि चुलीपाशी आली.

त्याच सुमाराला धारवाडहून पूर्णिमा नावाची एक बाई वाडीत आली. जुन्या माणसांच्या हाडांवर ती अभ्यास करायची. जोयड्याच्या जंगलातल्या बायका कणगी, मुडली असले कंद हातानं कसे खणतात ते बघायला आली होती. बोलता बोलता तिनं केशरची वही पाहिली. एकाच पोराचं माप दोनदा घेऊन दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिलेले. असं दोनदा का, म्हणून पूर्णिमानं विचारलं. पहिल्या वेळी माझी चूक झाली असली तर दुसऱ्या वेळी कळते, असं केशर म्हणाली. पुढच्या हिवाळ्यात पूर्णिमानं तिला खोदकामावर बोलावून घेतलं.

ते ठिकाण पूर्वेकडं, बसनं अख्ख्या दिवसाच्या अंतरावर, उघड्या माळावर होतं. आपल्याकडच्या तांबड्या मातीत हाड टिकत नाही, पावसाळ्यांमागून पावसाळे जातात आणि ते विरून जातं. तिथल्या चुनखडीच्या मातीत मात्र चार हजार वर्षांपूर्वीची माणसं पाय पोटाशी घेऊन झोपल्यासारखी पडलेली होती. खालच्या थरातली माणसं हातकुदळीनं शेती करणारी आणि धान्य कांडून खाणारी. वरच्या थरातली त्यांच्या हजारेक वर्षं नंतरची, बैल जुंपणारी. या दोघांच्या हाडांची मापं शेजारी ठेवून, शेती बदलली तेव्हा माणसाचं अंग कसं बदललं ते शोधायचं, हे पूर्णिमाचं काम. दंडाच्या हाडाची लांबी, मधला घेर, मांडीच्या हाडाचा गोळा, सगळं केशर मापायची. पहिल्या वर्षी ती रोज संध्याकाळी डोक्यावरून आंघोळ करायची, कारण कुणाच्या का असेनात, हाडंच ती. दुसऱ्या वर्षापासून हात धुऊन जेवायला बसू लागली.

असे चार हिवाळे गेले. खालच्या थरातल्या बायकांचे दंड वरच्या थरातल्या बायकांपेक्षा जाड निघाले. दोन्ही हात सारखे जाड. मुसळ दोन्ही हातांनी धरणाऱ्या बाईचे व्हावेत तसे. पण कष्टानं जिवंत बाईचं हाड खरंच तेवढं भरतं का, हे दाखवायला आज हातानंच शेती करणाऱ्या बायका हव्या होत्या. पूर्णिमानं रीतसर परवानग्या काढल्या, डॉक्टर बरोबर घेतला, आणि माघात क्ष-किरणाचं यंत्र बसवलेली गाडी कुंभारवाड्यात दोन दिवस उभी राहिली. केशरनं आसपासच्या वाड्यांतून छत्तीस बायका गोळा केल्या. बाकी कुणाच्या सांगण्यानं त्या आल्या नसत्या. प्रत्येकीला तिनं एक शब्द दिला होता. तुझं नाव कुणाला कळणार न्हाई.

त्यासाठी पूर्णिमानं एक रीत घालून दिली होती. तुलनेच्या कागदावर फक्त नंबर असायचे, एक ते छत्तीस. कुठला नंबर कुणाचा, ती यादी वेगळी, एकाच कागदावर, आणि ती केशरकडं. माझ्याकडं नावं नकोतच, पूर्णिमा म्हणाली होती, असली तर कधीतरी कुणीतरी मागेल. वर्षभरानं पुन्हा त्याच बायकांचं माप घ्यायचं होतं, तोवर यादी जपायची. केशरनं ती तांदळाच्या डब्यामागं पत्र्याच्या पेटीत ठेवली.

तुलनेच्या कागदावर शेवटच्या रकान्यात काही नंबरांपुढं एक बारीकशी फुली होती. सात जणींपुढं. खाली जुन्या माणसांच्या यादीतही तशाच फुल्या होत्या. पूर्णिमानं केशरला खोदकामावरच समजावून सांगितलं होतं. माणूस पडला की हात टेकतो आणि अंगठ्याच्या बाजूचं हाड मनगटापाशी मोडतं. करंगळीच्या बाजूचं हाड मधोमध मोडलं असेल, तर बहुतेक वेळा त्या माणसानं तोंड वाचवायला हात वर धरलेला असतो. वरून काठी आलेली असते.

त्या सातही जणींना केशरनं एकेकटीला गाठून विचारलं होतं. दोघींनी हसून दुसरंच बोलणं काढलं. एक रडली. चौदा नंबरची तुळजामावशी, सत्तरीच्या घरातली, आपल्याच हाताकडं बघत म्हणाली, "त्यावेळी नाचणी कांडाय उशीर झाला व्हता. एवढंच." मग म्हणाली, "माझ्या शिवानंदाला ठावं न्हाई. त्याचा बाप त्याला देव हाय. तसंच ऱ्हाऊ दे."

हा शिवानंद म्हणजे कुणब्यांच्या संघाचा सेक्रेटरी. माणूस सरळ. जोयड्याच्या कुणब्यांना अनुसूचित जमातीच्या यादीत घ्यावं म्हणून त्याच्या बापानं पहिला अर्ज लिहिला होता. बाप गेल्यावर ती फाईल घेऊन वीस वर्षं शिवानंदच कारवारला, बेंगळुरूला खेपा घालत होता. त्याच्या केसांत पांढरं झालं ते त्या फाईलीपायीच, असं लोक म्हणत आणि ते खोटं नव्हतं. संघाच्या खोलीत त्याच्या बापाचा फोटो होता आणि पहिल्या पिकाची लोंबी दरवर्षी त्या फोटोला बांधली जायची.

मे महिन्यात बातमी आली की जमातीच्या यादीच्या चौकशीसाठी एक मोठा अधिकारी जोयड्याला येणार आहे. आणि त्याच आठवड्यात केशरच्या नवऱ्यानं, परशूनं, तुलनेच्या त्या नंबरांच्या कागदाची केशरकडची प्रत शिवानंदला नेऊन दाखवली.

परशूच्या मनात वाईट काही नव्हतं. तो वनखात्यात रोजंदारीवर राखणीचं काम करायचा. थोरली शिल्पा बारावी झाली होती, तिला नर्सिंगला जायचं होतं, आणि जमातीचा दाखला मिळाला तर जागा पक्की, एवढं गणित त्याला कळत होतं. कागदावर तर सरळ दिसत होतं: चार हजार वर्षांपूर्वीच्या बायकांचा दंड आणि आमच्या बायकांचा दंड, आकड्यात फार फरक नाही. आम्ही इथले मूळचे, याला आणखी पुरावा कशाला?

शिवानंद दुसऱ्याच दिवशी केशरच्या अंगणात आला. पाणी प्याला. मग म्हणाला की हा कागद अर्जाला जोडायचा आहे, पण नुसते नंबर बघून साहेब विचारील ही माणसं कोण. अमक्या वाडीची, अमक्या घरची, असं नावानिशी पाहिजे. यादी दे.

केशरनं त्याला समजावायचा प्रयत्न केला. ही मापं कष्टाची आहेत, कुळाची नव्हेत. कुणीही बाई जन्मभर कांडत, खणत राहिली तर तिचं हाड असंच भरतं, मग ती कुठल्याही जातीची असो. त्या माळावरच्या माणसांचं आणि आपलं नातं आहे असं हा कागद म्हणत नाही. शिवानंदनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, ही फुली कशाची?

"जुनी दुखापत," केशर म्हणाली.

झाडावरून पडतात, ओंडका लागतो, शिवानंद स्वतःशीच म्हणाला. मग उठला. रविवारी सकाळी मांडावर बैठक आहे, तिथं सगळ्यांसमोर ठरवू, असं सांगून गेला.

ते चार दिवस केशरला अन्न गोड लागलं नाही. परशू तिच्याशी बोलेना. बोलला तेव्हा एवढंच की तुझ्या शब्दापायी पोरीची जागा जाईल. शिल्पा आईची बाजू घेईना आणि बापाचीही घेईना. ती दिवसभर गोठ्यात काम काढून बसायची. केशरनं पूर्णिमाला फोन करायला दोनदा टेकडीवर जाऊन पाहिलं, फोन लागला नाही. यादी पेटीतून काढून तिनं पदराच्या आत खोचली. घरात ठेवायची आता तिला भीती वाटत होती, आणि आपल्याच घराची भीती वाटते याची तिला लाजही वाटत होती.

रविवारी सातेरीच्या देवळासमोरच्या मांडावर, म्हणजे गावानं बसायच्या जागेवर, चार वाड्यांतली माणसं आली. पुरुष पुढं, बायका मागं आंब्याच्या सावलीत. रीतीप्रमाणं मांडावर समई लावलेली होती, तिच्यासमोर कुणी खोटं बोलत नाही. तुळजामावशी खांबाला टेकून बसली होती, हात पदराखाली.

शिवानंदनं अर्ज वाचून दाखवला. मग कागद दाखवला. लोकांत कुजबूज झाली, म्हातारे पुढं सरकून बघू लागले. मग त्यानं केशरला उभं केलं आणि यादी मागितली. केशर म्हणाली की नावं न देण्याचा शब्द तिनं दिला आहे.

"शब्द कुणाला दिलास? आमच्याच बायकांना न्हवं?" शिवानंद म्हणाला. "आपली नावं आपल्याच माणसांत. त्यात चोरी कसली? वीस वरसं मी ही फाईल डोक्यावर घेऊन हिंडतोय, केशर. पयल्यांदा हातात कायतरी आलंय."

त्याचा आवाज चढला नव्हता. म्हणून जास्त जड वाटला. लोक केशरकडं बघत होते. त्यात परशूही होता.

"मी न्हाई देणार, अण्णा."

मग शिवानंदला एक गोष्ट सुचली. शहाणपणाची होती. तो बायकांकडं वळून म्हणाला की शब्द तुम्हाला दिलाय, तर तो मोकळा करणंही तुमच्याच हातात. ज्या कुणी माप दिलंय त्यांनी हात वर करा, आमचं नाव द्यायला हरकत नाही म्हणून. जिची हरकत असेल तिनं तसं सांगा, का ते सांगा, तिचं नाव वगळू.

एक हात वर झाला. मग तीन. मग पाच-सहा एकदम. केशर उभी राहून बघत होती. छत्तीसही नंबर तिला पाठ होते, तिनं कितीदा तरी ती यादी डोळ्यांखालून घातली होती. बावीस नंबरचा हात वर. एकतीसचा वर. आठ नंबर, ती रडली होती ती, नवऱ्याच्या पाठीकडं बघत बसली होती आणि तिचा हात मांडीवर होता. तिच्या नवऱ्यानं मान वळवून पाहिलं. मग हळूहळू तिचा हात उठायला लागला.

केशरला लख्ख दिसलं. हात वर केला तर नावापुढं फुली जाणार. केला नाही तर सगळा गाव विचारणार, का नाही? हो म्हटलं तरी उघड, नाही म्हटलं तरी उघड. एकोणतीस हात वर येतील आणि सात राहतील, आणि मग कागदावरच्या सात फुल्या मोजायला कुणालाही एक क्षण पुरेल. फुलीचा अर्थ आज कळला नाही तर उद्या कुणीतरी धारवाडला विचारील. तिनं तुळजामावशीकडं पाहिलं. म्हातारीनं डोळे मिटले होते.

पुढं काय केलं ते केशरला ठरवून सुचलं असं नाही. तिनं पदरातून कागद काढला. शिवानंदनं हात पुढं केला, त्याला वाटलं देतेय. ती त्याच्या बाजूनं पुढं गेली, समईपाशी वाकली आणि कागदाचं टोक ज्योतीला लावलं.

कागद पातळ होता, पटकन पेटला. परशू दोन पावलं धावला आणि थांबला. बोटं भाजेपर्यंत केशरनं तो धरून ठेवला, मग राहिलेला तुकडा मातीत टाकून पायानं विझवला.

"आता यादी न्हाई," ती म्हणाली. "कुणाला विचारू नका. मला बी विचारू नका."

वर झालेले हात एकेक करून खाली आले.

त्यानंतर बराच वेळ लोक बोलत होते, पण तिच्याशी कुणी बोललं नाही. गावाच्या कामात आडवी आली, त्यापेक्षा मोठा दोष म्हणजे मांडावरची समई विटाळली. सातेरीला नारळ ठेवून तिनं चूक कबूल करावी असं ठरलं. तिनं त्याच दिवशी नारळ ठेवला. डोकं टेकलं, पण चूक झाली असं तोंडानं म्हटलं नाही, आणि हे पुजाऱ्याच्या ध्यानात आलं.

सोमवारी अर्ज गेला, कागदाशिवाय. मंगळवारी टेकडीवर पूर्णिमाचा फोन लागला. केशरनं झालं ते सगळं सांगितलं. यादी गेली म्हणजे पुढच्या वर्षी जुनं माप आणि नवं माप जुळवता येणार नाही, छत्तीस जणींचं अर्धं काम वाया, हे केशरला कुणी सांगायची गरज नव्हती. तिच्याच हातचं काम होतं ते.

"केशरक्का," पूर्णिमानं शेवटी विचारलं, "तुम्हाला आठवतात का नंबर?"

"सगळे."

"मग मला सांगू नका," पूर्णिमा म्हणाली. "विसरता आले तर विसरून टाका."

लावणीच्या दिवसांत गावानं काय ठरवलंय ते कळलं. आमच्याकडं लावणी एकमेकांच्या हातांवर होते, आज याच्या शेतात, उद्या त्याच्या. केशरच्या शेतात कुणी आलं नाही. येणार नाही असं कुणी म्हटलं नाही, आलं नाही इतकंच. ती, परशू आणि शिल्पा अशी तिघंच चिखलात उतरली. परशू अजून घुम्यासारखा होता, पण तरव्याच्या रोपांच्या पेंढ्या तो तिच्या हाताशी आणून ठेवत होता. दोन दिवसांत चौथाई शेतही झालं नाही. रोपं पिवळी पडायला लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुळजामावशी बांधावर आली. कांबळं बाजूला ठेवलं, लुगडं वर खोचलं आणि काही न बोलता केशरच्या शेजारी वाकली. या वयात तिला कुणी लावणीला बोलावत नसे. तिचा हात मात्र अजून सरळ ओळीत चालत होता. तासाभरानं आठ नंबर आली. मग तिची जाऊ. दुपारपर्यंत नऊ बायका झाल्या. त्यातल्या तिघींच्या हातात काहीच मोडलेलं नव्हतं, त्या का आल्या ते केशरला माहीत नाही आणि तिनं विचारलंही नाही.

दुपारी जेवायला सगळ्या बांधावर बसल्या तेव्हा शिवानंद आला. बायकांनी पदर सावरले. आईकडं न बघता त्यानं केशरला जरा बाजूला बोलावलं. पावसात भिजलेला होता, छत्री हातात असून उघडलेली नव्हती.

"आईनं सांगितलं," तो म्हणाला.

केशरनं हातातली भाकरी पदराखाली झाकली.

त्यानं विचारलं की त्या जुन्या लोकांत, त्या माळावरच्या, असल्या फुल्या किती होत्या. खालच्या थरातल्या एकवीस बायकांत चार, केशरनं सांगितलं. वरच्या थरात? अठरांत तीन. बैल आले तरी ते बदललं नव्हतं. शिवानंद बांधावरच्या पाण्याकडं बघत राहिला. जाताना तो आईपाशी थांबला. तिचं कांबळं पावसात भिजत होतं ते उचलून झटकलं आणि तिच्या डोक्यावर घातलं. म्हातारीनं भाकरी चावत चावत मान हलवली.

जमातीच्या यादीचं काम तसंच राहिलं. अधिकारी आला, चौकशी केली, गेला. उत्तर अजून यायचं आहे आणि शिवानंद अजून खेपा घालतो. बापाचा फोटो खोलीत आहे. त्याला त्या वर्षी लोंबी बांधली गेली नाही, एवढं लोकांच्या नजरेला आलं. कुणाचा हात विसरला की मुद्दाम, ते कुणी बोललं नाही. शिल्पाला नर्सिंगची जागा पहिल्या यादीत मिळाली नाही. तिसऱ्या यादीत बेळगावला मिळाली, घरापासून लांब, आणि ती रडत रडत का होईना पण गेली.

पुढच्या माघात गाडी पुन्हा आली. या वेळी पूर्णिमानं सगळं पहिल्यापासून सुरू केलं, नवे नंबर, नवा कागद. केशरला वाटलं होतं दहा-बारा येतील. एकतीस आल्या. काही नव्या होत्या, काही जुन्या आल्याच नाहीत. आठ नंबर आली नाही. ती माहेरी निघून गेल्याचं केशरला तेव्हाच कळलं. पूर्णिमाच्या लेखात जोयड्याच्या बायकांचे दंड खालच्या थरातल्या बायकांच्या जवळपास निघाले, वरच्या थरातल्यांपेक्षा भरलेले. फुल्यांचाही एक परिच्छेद होता, फक्त संख्या. गावाचं नाव नव्हतं. पूर्णिमानं लेखाचा मराठीत सारांश करून पाठवला, तो केशरनं मांडावर वाचून दाखवला. पुरुषांतून दोघं उठून गेले. बाकीचे बसून राहिले.

मार्गशीर्षात केशर पुन्हा खोदकामाला निघाली. कुंभारवाड्याच्या फाट्यावर बस दिवसात दोनदाच, सकाळची चुकली की दिवस गेला. परशू वळकटी खांद्यावर घेऊन तिच्याबरोबर चालत आला. अर्ध्या वाटेत त्यानं विचारलं की यंदा काय निघणार तिकडं. कुणास ठाऊक, ती म्हणाली, खालच्या थराच्या खाली अजून एक थर लागलाय म्हणे, त्या माणसांकडं शेतीसुद्धा नव्हती. परशूनं वळकटी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"मग ते खात काय व्हते?"

"कंद खणत असतील," केशर म्हणाली. "बघाय पायजे."

बस वेळेवर आली. त्यानं वळकटी टपावर चढवली आणि दोरी दोनदा ओढून पाहिली.